रामन राघवचा तपास आणि कादंबरीतला जखमी अधिकारी

प्रश्न: सीरियल किलरच्या मागावरचा अधिकारी भूतकाळाने पोळलेलाच असावा, असा रहस्यकथांचा जणू दंडक झाला आहे, रामन राघव या मुंबईतल्या सीरियल किलरवर कादंबरी लिहिताना तपास अधिकाऱ्याला अशी काल्पनिक जखम द्यावी का?

प्रतिसाद: माझ्या मते ते अनावश्यक आहे. १९६८ साली मुंबईच्या उपनगरांत झोपलेल्या गरिबांची डोकी ठेचली जात असताना उपनिरीक्षक ॲलेक्स फियालो यांनी जुन्या छायाचित्रावरून रामन राघवला ओळखले, आणि सारे नाट्य त्या एका नजरेतच आहे.

प्रतिसाद: मी अंशतः असहमत आहे. कोंबडीचे जेवण मिळाल्यावरच आरोपी बोलू लागला, असे सांगतात. तो कबुलीजबाब ऐकणाऱ्याच्या मनावर जे उमटले असेल, तीच खरी जखम होय, आणि ती तपासाच्या आधी नव्हे, तपासातूनच झालेली दाखवावी.

प्रश्नकर्ता: हा क्रम मला सुचलाच नव्हता.