इंटरनेट रेडिओसाठी गाण्यांचे परवाने कोणते घ्यावेत?

प्रश्न (फोंडा): नाट्यगीते आणि भजने ऐकवणारे छोटे इंटरनेट रेडिओ केंद्र घरूनच सुरू करायचे आहे. वडिलांच्या संग्रहातल्या तबकड्या आम्ही विकत घेतलेल्या आहेत. तरीही परवाना लागेल का?

उत्तर १ (म्हापसा): लागेल. तबकडी आपली, हक्क आपले नव्हेत. शब्द व चालीसाठी बहुधा आयपीआरएसकडे (गीतकार-संगीतकारांच्या वतीने परवाने देणारी संस्था), तर ध्वनिमुद्रणासाठी पीपीएलकडे (ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या वतीने परवाने देणारी संस्था) किंवा थेट कंपनीकडे जावे लागते, कारण सगळ्याच कंपन्या पीपीएलच्या सभासद नाहीत. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१-ड मधील वैधानिक परवान्यावर (मालकाच्या संमतीविना, ठरलेले मानधन भरून प्रसारणाची मुभा) विसंबू नका. तो इंटरनेट प्रसारणाला लागू नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली म्हटले आहे.

उत्तर २ (मडगाव): जुन्या तबकड्यांबाबत थोडी भर घालतो. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षांनी, २०२० अखेर संपला. मात्र त्याचा कवी १९९० साली वारला असेल, तर शब्दांवरचा हक्क २०५० अखेरपर्यंत राहतो.

प्रश्नकर्ता: म्हणजे तबकडीवरचे साल पाहून भागणार नाही. तुकोबांचे अभंग तरी मोकळे असतील ना?

उत्तर २: शब्द मोकळे, चाल आणि ध्वनिमुद्रण मात्र तपासावेच लागेल. गावातल्या भजनी मंडळाकडून पारंपरिक चालीत गाऊन घ्या आणि गायक-वादकांची लेखी संमती ठेवा.