अकरावी सायन्स: शाळेतच ठेवावं की कोचिंगच्या टाय-अप कॉलेजात नाव घालावं? (नागपूर, सीबीएसई)

मनीषनगरचा बाबा

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबडा आहे, सांभाळून घ्या.

मुलगी वर्धा रोडवरच्या एका खाजगी सीबीएसई शाळेत दहावीला आहे. नर्सरीपासून तिथेच. शाळा बारावीपर्यंत आहे. मागच्या शनिवारी अकरावी सायन्सची माहिती द्यायला पालकांना बोलावलं होतं. तासभर पडद्यावर फोटो दाखवले, आणि शेवटी प्राचार्या मॅडम सरळ म्हणाल्या, "आमच्याकडे अकरावी म्हणजे साडेसात ते अडीच, रोज. हजेरीत सूट नाही. ज्यांना नुसतं नाव ठेवायचं आहे त्यांनी आत्ताच दुसरीकडे बघावं." मागच्या रांगेतले चार पालक तिथूनच उठून गेले. मीही उठणार होतो, पण पोरगी बाजूला बसली होती.

इकडे कोचिंगवाले रोज फोन करून राहिले. त्यांचं म्हणणं, "सर, कॉलेजचं टेन्शन आमच्यावर सोडा, टाय-अप आहे, फक्त प्रॅक्टिकलला जायचं." दोन वर्षांची फी ऐकली तेव्हा मी खुर्चीचे हात धरले.

मी स्वतः नागपूरच्या महाल भागातून बारावी झालो, बायफोकलला (व्यवसाय विषयाला) इलेक्ट्रॉनिक्स होतं, ट्यूशनला सायकलने जायचो. ते जग राहिलं नाही, त्यामुळे माझा अनुभव घरात कोणी विचारत नाही. पोरीला इंजिनीअरिंग करायचं आहे, शाळा सोडायची नाही. बायको म्हणते शाळेच्या प्रेमापायी दोन वर्षं वाया जातील. घरात दोन पार्ट्या झाल्या, मी मधात.

विचारायचं इतकंच: सात तास ठेवून शाळा पोरांकडून नेमकं करून काय घेते? आणि शाळा अधिक कोचिंग, दोन्ही झेपतं का?

---

पोट्टा_धरमपेठचा

भाऊ, वहिनींचं ऐका. सगळे तेच करून राहिले. इंजिनीअरिंग प्रवेशाच्या जेईई मेन परीक्षेच्या रँकमध्ये बारावीचे मार्क धरतच नाहीत. शाळेत बसून प्रार्थना म्हणायची का?

---

मीटरब्रिज

मी फिजिक्स शिकवते, एकवीस वर्षं झाली. पहिली तेरा स्टेट बोर्डाच्या ज्युनियर कॉलेजात, पुढची एका खाजगी सीबीएसई शाळेत. नावं सांगणार नाही, पगार अजून तिथूनच येतो.

धरमपेठवाल्या दादांचं अर्धं बरोबर आहे. २०१३ ते २०१६ मेनच्या रँकमध्ये बारावीचे ४० टक्के धरायचे. २०१७ पासून ते गेलं, आणि माझ्या वर्गातली बाकं रिकामी व्हायचा वेग दुप्पट झाला. हजेरीपटावर एकशेवीस नावं, जुलैत नव्वद पोरं, दिवाळीनंतर अकरा. त्यातले तीन पाऊस आला म्हणून आत आलेले. एका फेब्रुवारीत प्रॅक्टिकलच्या दिवशी एक मुलगा जिन्यात भेटला. चांगला, नम्र मुलगा. "मॅडम, फिजिक्सची लॅब कुठे आहे?" दोन वर्षं त्याच कॉलेजच्या नावाने तो शिकत होता. त्याच वर्षी मी राजीनामा दिला.

उरलेलं अर्धं मात्र चूक आहे. मार्क रँकमध्ये धरत नसले तरी आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशाला बारावीत ७५ टक्के लागतात, एससी-एसटीला ६५. नाहीतर आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये यावं लागतं. त्यात इंग्रजीही येतं, ज्याच्याकडे कोचिंगमध्ये कोणी ढुंकून बघत नाही.

आता बाबा, तुमचा पहिला प्रश्न. शाळा काय करून घेते?

माझ्याच विषयाचं सांगते. थिअरी ७०, प्रॅक्टिकल ३०. त्या तिसात दोन प्रयोगांचे सात-सात, रेकॉर्डचे पाच, एका ॲक्टिव्हिटीचे तीन, प्रोजेक्टचे तीन आणि तोंडीचे पाच. रेकॉर्डमध्ये कमीत कमी आठ प्रयोग असावे लागतात. कागदावर हे किरकोळ दिसतं. प्रत्यक्षात काय होतं ते बघा.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा होता, कोचिंगच्या टेस्टमध्ये कायम पहिल्या पाचात. मीटर ब्रिजचा प्रयोग होता. लाकडी पाटीवर एक मीटरची तार, एका गॅपमध्ये रेझिस्टन्स बॉक्स, दुसऱ्यात अनोळखी तार. जॉकी, म्हणजे धातूच्या टोकाची मूठ, तारेवर टेकवत जायचं आणि गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर येतो ती जागा शोधायची. याचा काटा एकाच बाजूला. डावीकडे टेकवला तरी उजवीकडे, उजव्या टोकाला टेकवला तरी उजवीकडेच. त्याने वहीत सूत्र लिहिलं, शंभर वजा एल भागिले एल, पुन्हा तपासलं, तिसऱ्यांदा तपासलं. सूत्र बरोबरच होतं. मग जॉकी तारेवर घासत नेऊ लागला, तेव्हा मी ओरडले, कारण त्याने तार खराब होते. वीस मिनिटांनी म्हणाला, "मॅडम, हा गॅल्व्हानोमीटर खराब आहे." मी काही न बोलता पॉलिश पेपरचा तुकडा दिला. त्याने जोडणीच्या तारांची टोकं घासली, रेझिस्टन्स बॉक्सच्या चाव्या दाबून पिळल्या, आणि काटा डावीकडे गेला. त्याचा चेहरा बघायला हवा होता. रेकॉर्डमध्ये त्याने ते सगळं जसंच्या तसं लिहिलं, "काटा एकाच बाजूला जात होता, टोकं घासल्यावर सुटला." मी पाचपैकी पाच दिले.

शाळा हे करून घेते, बाकी शनिवारची युनिट टेस्ट, इंग्रजीचं बोलणं-ऐकणं आणि प्रोजेक्ट, केमिस्ट्रीचं सॉल्ट ॲनालिसिस, वह्या तपासून परत करणं. कंटाळवाणं असतं. मलाही तपासायला कंटाळा येतो.

शाळेची वकिली मात्र करणार नाही. डिसेंबरात गॅदरिंगच्या तालमींना बारावीची पोरं नेतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. प्री-बोर्ड, १ जानेवारीपासून बोर्डाची प्रॅक्टिकल, जानेवारीच्या उत्तरार्धात जेईई मेनचं पहिलं सेशन, फेब्रुवारीच्या मध्यात बोर्ड. त्या सहा-सात आठवड्यांत शाळा पोरांना कसं सोडते, हा प्रश्न प्राचार्यांना तोंडावर विचारा. "बघू" असं उत्तर आलं तर सावध व्हा. ज्या शाळेने विचार केलेला असतो तिच्याकडे तारखा तयार असतात.

दोन्ही झेपतं का? तुमच्याच पत्त्यावर हिशेब करू. सातला बस, अडीचला सुटी, सव्वातीनला घरी. साडेचारला कोचिंग, साडेआठला सुटलं, जेवण होईपर्यंत साडेनऊ. त्यानंतर शाळेचा गृहपाठ आणि कोचिंगचं मॉड्यूल (सरावाचं पुस्तक). ऑक्टोबरपर्यंत चालतं. त्यानंतर मधल्या सुटीनंतरच्या तासाला अर्धी डोकी बाकावर असतात आणि उरलेल्या अर्ध्यांच्या बाकाखाली मॉड्यूल उघडं असतं. मी हिसकावत नाही. कितवा प्रश्न अडला ते विचारते. पण तो मुलगा तेव्हा धड इकडेही नसतो आणि तिकडेही.

म्हणून माझं मत असं: शाळा घेतली तर कोचिंग फक्त शनिवार-रविवारचं, किंवा नुसती टेस्ट सिरीज. पूर्णवेळ कोचिंगच हवं असेल तर स्टेट बोर्डाचं कॉलेज घ्या आणि तिथल्या प्रॅक्टिकलना खरोखर जा. ज्याला जेईई ॲडव्हान्सचीच, म्हणजे आयआयटीच्या परीक्षेचीच खुमखुमी आहे, जो स्वतःहून दहा तास बसतो, त्याला मी स्वतः कोचिंगकडे पाठवते. असा मुलगा माझ्या वर्गात वर्षाला एखादाच निघतो. फोन मात्र सगळ्यांच्या घरी येतात.

आणि सीबीएसईत डमी नाव ठेवायचा विचार कोणी करत असेल तर करू नका. ७५ टक्के हजेरीचा नियम आता कागदावर राहिलेला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये बोर्डाने दिल्ली-राजस्थानातल्या २१ शाळांची संलग्नता याच कारणाने काढली.

शेवटचं. शाळेत जाल तेव्हा लॅब बघायला मागा. चकचकीत टेबलं बघू नका, मागच्या वर्षीच्या रेकॉर्डच्या तीन फायली मागा. तिन्हींत मीटर ब्रिजचं रीडिंग ४८.२ असेल, तर त्या शाळेत आणि टाय-अपमध्ये फरक फक्त गणवेशाचा.

---

खामल्याचे काका

मॅडमनी छान लिहिलं. मी फक्त एक खड्डा दाखवतो, आम्ही त्यात पडलो म्हणून.

भाच्याचं नाव एका कोचिंगवाल्याच्या सांगण्यावरून सीमेपलीकडे, मध्य प्रदेशातल्या शाळेत घातलं. "हजेरीची कटकट नाही, नागपूरहून दोन-अडीच तासांवर तर आहे." पोराने मेनमध्ये बरा स्कोअर आणला. फॉर्म भरताना कळलं की एनआयटीत होम स्टेट ठरतं ते बारावी कुठून केली त्यावर. घर नागपुरात, आजोबा नागपूरचे, डोमिसाइल महाराष्ट्राचं, आणि व्हीएनआयटीच्या, म्हणजे नागपूरच्याच एनआयटीच्या, अर्ध्या जागा ज्या महाराष्ट्राच्या मुलांना असतात त्यांत तो नाही! बजाजनगरात राहून व्हीएनआयटीचं गेट रोज बघतो बिचारा. आता भोपाळला आहे.

मेडिकलवाल्यांचं तर आणखी कडक. राज्याच्या कोट्यातल्या ८५ टक्के जागांत यायचं तर काही अपवाद सोडून दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागते. नाव घालण्याआधी शाळा कोणत्या राज्यात आहे ते विचारा. हसू नका, आम्ही विचारलं नव्हतं.

---

सेकंड_इयर_वाली

मनीषनगरवाले काका, मी दोन्ही करून बघितलं. शाळा सीबीएसई, अडीचपर्यंत, आणि शंकरनगरला कोचिंग. अकरावीच्या दिवाळीत टायफॉइड झाला आणि कोचिंग सुटलं. आई म्हणते त्यामुळे जेईई गेली. मला वाटते तशीही गेली असती, पण आईशी कोण वाद घालते.

एक गोष्ट मॅडमनी लिहिली नाही. एमएचटी-सीईटी, म्हणजे राज्याची इंजिनीअरिंग प्रवेश परीक्षा, विसरू नका. १५० प्रश्न, निगेटिव्ह नाही, मॅथ्सचा प्रश्न दोन मार्कांचा, म्हणून २०० पैकी १०० मॅथ्सचेच. अकरावीचं २० टक्के, बारावीचं ८०. पण ती येते स्टेट बोर्डाच्या सिलॅबसवर. मी सीबीएसईची एनसीईआरटीची पुस्तकंच घोटत बसले आणि परीक्षेच्या महिनाभर आधी मैत्रिणीकडे बालभारतीची पुस्तकं बघितली. काही धडे तर मी कधी पाहिलेच नव्हते! अकरावीलाच घेऊन ठेवा, स्वस्त असतात.

आणि उन्हाळ्याचं बघा. सीईटी एप्रिल-मेमध्ये असते. हिंगणा रोडवरच्या सेंटरला दुपारच्या शिफ्टला मी ओला दुपट्टा बांधून गेले होते.

---

मनीषनगरचा बाबा

सगळ्यांचे आभार. काकांचं वाचून बायको गप्प झाली, कारण टाय-अपवाल्यांच्या यादीत तशीच एक शाळा होती.

काल शाळेत जाऊन आलो, पोरीला घेऊन. लॅब बघायची म्हटलं तर ऑफिसवाले जरा चमकले, पण प्राचार्या मॅडमनी पाठवलं. जानेवारीचं विचारलं, तर त्यांनी ड्रॉवरमधून कागद काढला. प्री-बोर्ड डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, आणि मेनच्या आधी बारा दिवस शाळा नाही. गॅदरिंगचं विचारलं तेव्हा मात्र हसल्या आणि विषय बदलला.

मग फायली. पहिल्या दोन्हींत ४६.५. सारखंच. मनात म्हटलं, झालं. तिसरी उघडली तर रीडिंग खोडलेलं, बाजूला लाल पेनने "पुन्हा घे", खाली नवीन रीडिंग, तेही खोडलेलं, मग तिसरं. लॅबवाल्या भाऊंना विचारलं, तर म्हणाले पहिल्या दोन पोट्ट्या एकाच टेबलावरच्या, जोडीने करतात. खरं-खोटं देव जाणे, पण तिसरी फाईल पोरीने वीस मिनिटं हातातून सोडली नाही.

फॉर्म सोमवारी भरतो. कोचिंग फक्त शनिवार-रविवार, तेही नोव्हेंबरनंतर बघू. बायको अजून पूर्ण पटलेली नाही.

मॅडम, पोरगी तुमचं लिहिलेलं दोनदा वाचून बसली. विचारून राहिली, पॉलिश पेपर किती नंबरचा?

---

मीटरब्रिज

झिरो नंबर. जोडणीच्या तारांनाच लावायचा म्हणावं, ब्रिजच्या तारेला नाही.