परदेशी गेलेला डॉक्टर ‘पळालेला’ असतो का?

सोलापूरची_पुतणी
परवा नानाकाका गेले म्हणून मी चार ओळी लिहिल्या. त्यात ‘कुटुंबवत्सल डॉक्टर’ असा शब्द होता. त्यावर ‘जामखेडकर’ यांनी लिहिलं, “जनतेच्या पैशावर शिकून पळालेल्यांना हार कशाला? कुटुंब इथे, डॉक्टर तिथे, ही कसली वत्सलता?” दोन रात्री झोप लागली नाही, म्हणून आता सविस्तर लिहिते.

काका मिरजेच्या सरकारी मेडिकलमधून १९६९ ला पास झाले. १९७१ ला अमेरिकेत गेले तेव्हा खिशात ८ डॉलर होते, त्या काळी रिझर्व्ह बँक तेवढेच देत असे. रेसिडेन्सी, म्हणजे तिथल्या हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण, संपल्यावर ते मोठ्या शहरात राहिले नाहीत. वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळशाच्या खाणींच्या गावात गेले आणि पुढची ३७ वर्षं तिथेच काढली. १९६८ ला त्या राज्यात फार्मिंग्टनच्या खाणीत स्फोट होऊन ७८ माणसं गेली होती. त्यानंतर १९६९ चा कायदा आला आणि कोळशाच्या धुळीने फुफ्फुसं गेलेल्या कामगारांना भरपाई मिळू लागली. पण दम लागतो तो धुळीमुळेच, हे सिद्ध करायला डॉक्टर लागतो. काका रात्री जेवणाच्या टेबलावर एक्स-रे पसरून बसायचे. कंपनीचे वकील उलटतपासणी घ्यायचे, काका दवाखाना बंद ठेवून साक्षीला जायचे. फीऐवजी कुणी हरणाचं मटण आणून द्यायचं. काकू शाकाहारी, तरी ती ते घ्यायची आणि शेजारी वाटायची.

आणि कुटुंब? माझ्या बाबांचं इंजिनिअरिंग, दोन आत्यांची लग्नं, आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं काकांनी केलं. दर महिन्याला निळं एरोग्रामचं पत्र यायचं. तेव्हा ‘पळाले’ म्हणताना विचार करा.

जामखेडकर
ताई, तुमच्या दुःखाचा अनादर नाही. पण मुद्दा सोडणार नाही. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे अमेरिकेत शिकले, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले आणि १९७० मध्ये परत येऊन जामखेडला गावोगावच्या आरोग्याचं काम सुरू केलं. अभय आणि राणी बंगही त्याच जॉन्स हॉपकिन्सहून आले आणि १९८६ पासून गडचिरोलीत उभे आहेत. म्हणजे परत येता येत होतं. वेस्ट व्हर्जिनियाच्या खाणकामगारांबद्दल मला आदर आहे, पण त्यांच्या देशाकडे पैसा होता. आमच्याकडे १९७८ ला माझी थोरली बहीण बाळंतपणात बैलगाडीत गेली. तालुक्याला डॉक्टरची खुर्ची रिकामी होती. त्या खुर्चीवर कोण बसायला हवं होतं, एवढंच मी विचारतो.

सोलापूरची_पुतणी
तुमच्या बहिणीचं वाचून वाईट वाटलं. पण तिच्या मृत्यूचा हिशोब माझ्या काकांच्या नावावर टाकू नका. आणि सोलापूरच्याच डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं काय? १९३८ ला युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले, तिथेच लग्न केलं, मुलगा झाला, १९४२ ला तिथेच गेले. त्यांचं आपण स्मारक केलं. चिनी सैनिक आपला आणि अमेरिकन खाणकामगार परका?

जामखेडकर
कोटणीस युद्धात गेले होते, नोकरीवर नाही! ही तुलना करू नका, संताप येतो.

बाँडचा_डॉक्टर
खुर्चीचा विषय निघालाच आहे तर त्या खुर्चीवर सध्या बसलेल्याचं ऐका. एमबीबीएसनंतरचा एक वर्षाचा सरकारी सेवेचा बाँड करतोय. १० लाख भरून सुटता आलं असतं. वडील एसटीत कंडक्टर, त्यामुळे तो प्रश्न नव्हता, पण पैसे असते तरी आलो असतो. क्वार्टर गळतं, म्हणून लेबर रूमशेजारी कॉटवर झोपतो. जुलैत रात्री घोणस चावलेला मुलगा आणला. फ्रीजमध्ये एएसव्हीच्या, म्हणजे सर्पविषावरच्या औषधाच्या, होत्या तेवढ्या सगळ्या बाटल्या दिल्या. त्या पुरणार नव्हत्या. १०८ ला फोन केला, गाडी दुसऱ्या केसला गेलेली. शेवटी सरपंचांच्या जीपमधून पाठवला, सोबत सिस्टर गेल्या. घाटातच गेला. सकाळी नातेवाइकांनी माझी कॉलर धरली.

जामखेडकर काका, खुर्ची भरलेली होती. औषध पुरेसं नव्हतं, गाडी नव्हती. हे आधी बोला.

जामखेडकर
आरोळेंकडे तरी काय होतं? गावातल्या अडाणी बायकांना शिकवून त्यांनी काम उभं केलं.

बाँडचा_डॉक्टर
आमच्या आशाताईच सगळं चालवतात, मला शिकवू नका! पण आशाताई औषध तयार करू शकत नाहीत. दर वेळी आरोळे-बंगांचं नाव घेऊन बाकीच्यांची तोंडं बंद करता. संत झाला नाहीत तर गद्दार, मधलं काहीच नाही? साध्या माणसाने साध्या पगारात नीट काम करावं, अशी व्यवस्था कुणी मागतच नाही.

पुण्याची_आई
या वादात आईबापांचं कुणी विचारत नाही. मुलगा ओहायोत डॉक्टर आहे. त्याच्या व्हिसावर रेसिडेन्सीनंतर दोन वर्षं भारतात परत यायची अट असते, ती माफ व्हायची तर डॉक्टर नसलेल्या भागात तीन वर्षं काम करावं लागतं. ते त्याने केलं. ग्रीन कार्डची रांग अजून संपत नाही. हे गेले तेव्हा व्हिसाचा शिक्का नव्याने घ्यावा लागणार होता, परत जाता आलं नसतं तर तिथले पेशंट आणि नातवाची शाळा दोन्ही सुटलं असतं. त्याने व्हिडिओवर अंत्यदर्शन घेतलं. मी त्याला बोल लावत नाही. पण रात्री दार वाजलं की अजून तोच आला असं वाटतं.

वेल्सकर
मी १९७२ ला इंग्लंडला आलो. सर्जन व्हायचं होतं. आडनाव वाचून मुलाखतीला बोलवायचेच नाहीत. गोऱ्यांना नको असलेल्या जागा आम्हाला मिळाल्या, म्हाताऱ्यांचे वॉर्ड आणि खाणीकडच्या वस्त्यांतले दवाखाने. १९७५ ला आपल्या कॉलेजांच्या पदव्यांची थेट मान्यताही काढली. तीस वर्षं सर्जरी न केल्याचं शल्य बाळगून मी खोकले तपासले. मार्च-एप्रिल २०२० मध्ये कोरोनाने गेलेल्या डॉक्टरांची पहिली नावं आली, ती जवळजवळ सगळी आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांची होती. जामखेडकर, आम्ही ऐषआरामासाठी पळालो असं समजू नका. परत यायचं मात्र ठरवत राहिलो आणि आलो नाही, हेही खरं आहे.

जामखेडकर
‘पळाले’ हा शब्द मागे घेतो. बाकी काही मागे घेत नाही. आणि बाँडवाल्या पोरा, एएसव्हीसाठी जिल्ह्याला अर्ज कर, एक प्रत मला पाठव. जिल्हा परिषदेत बसून राहण्याची मला सवय आहे.

बाँडचा_डॉक्टर
तीन अर्ज केलेत. पाठवतो.

सोलापूरची_पुतणी
शब्द मागे घेतलात, बरं केलंत. एक गोष्ट मी वर लिहिली नव्हती. १९८३ ला आजी गेली. तार पोचून तिकीट मिळेपर्यंत दिवस गेले. अग्नी माझ्या बाबांनी दिला. काका दहाव्यालाही पोचले नाहीत, तेराव्याला आले आणि बॅग हातात धरून ओसरीवरच बसले. त्यानंतर आमच्याकडे जेव्हा जेव्हा यायचे, तेव्हा आधी त्याच जागी थोडा वेळ बसायचे, मग आत यायचे.

तुम्ही म्हणता तो हिशोब त्यांनी स्वतःशी मांडलेला होता, जामखेडकर. तो आपण चौकात वाचायचा नाही.