मदत हवी आहे: न्यूयॉर्क अपस्टेटला शेतजमीन, अ‍ॅग डिस्ट्रिक्टमधे घालावी का?

नमस्कार मंडळी, अपस्टेटला शेती करणारं कुणी आहे का इथे? आम्ही ऑरेंज काउंटीत १२ एकर घेतलीय, भाजीपाला आणि थोडी गवती चहा-मेथी असा प्लॅन आहे. शेजारचा गोरा शेतकरी म्हणतो की जमीन अ‍ॅग्रिकल्चरल डिस्ट्रिक्टमधे (म्हणजे शेतीला कायद्याचं संरक्षण असलेल्या भागात) टाकून घ्या, मग टाउनवाले (गावचं स्थानिक प्रशासन) शेड, कुंपण, भाजीचा स्टॉल यावरून उगाच अवाजवी नियम लावून अडवू शकत नाहीत.

मला कळलंय ते असं की कायदा १९७१चा आहे, डिस्ट्रिक्ट काउंटी ठरवते पण शेवटी राज्याचा कृषी कमिशनर सर्टिफाय करतो, आणि नवीन जमीन घालायला वर्षातून ३० दिवसांचीच विंडो असते. एकदा आत गेलं की बाहेर पडायचं तर ८ वर्षांनी रिव्ह्यू येतो तेव्हाच!! हे जरा डोक्याला ताप वाटतंय.

आणि शेतजमिनीवरच्या प्रॉपर्टी टॅक्सची सवलत वेगळी आहे ना? म्हणजे ७ एकर आणि वर्षाला सरासरी १०,००० डॉलरची विक्री दाखवावी लागते, आमची पहिल्या वर्षी कुठली होतेय एवढी, मेथीच्या जुड्या विकून?

तर विचारायचंय की विक्री नसताना नुसतं डिस्ट्रिक्टमधे जाता येतं का, काउंटीचं फार्मलँड बोर्ड (शेतजमिनींबाबत काउंटीला सल्ला देणारं मंडळ) काय बघतं, आणि पुढे दोन एकरावर मुलीसाठी घर बांधलं तर सवलतीचे पैसे दंडासकट परत मागतात का? कुणी स्वतः फॉर्म भरला असेल तर प्लीज सांगा, वकिलाकडे जायच्या आधी थोडं तयार होऊन जाते.