रुंद चवडा, दुखरी टाच : घरात घालायच्या चपलेचे माप कसे ठरवावे?

प्रश्न
आईचे वय ६४ आहे. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली काही पावले टाकताना तिची टाच फार दुखते, आणि घरभर शहाबादी फरशी असल्यामुळे डॉक्टरांनी अनवाणी न वावरता तळव्याच्या कमानीला आधार देणाऱ्या चपला घरातही घालायला सांगितल्या आहेत. तिला नेहमी ६ नंबर लागतो, पण चवडा रुंद असल्याने या चपलेत करंगळी कडेवर येत होती. म्हणून ७ नंबर आणला. करंगळी आत आली, मात्र टाचेमागे बोटभर जागा उरली आणि मधला उंचवटा टोचतो अशी तिची तक्रार आहे. नंबर वाढवणे चुकले का?

पहिले उत्तर
होय, आणि टोचण्याचे कारणही तेच आहे. आपल्याकडे रूढ असलेल्या ब्रिटिश मापात एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, सुमारे ८.५ मिलिमीटर लांबी. रुंदी त्यासोबत वाढते, पण जेमतेम. साध्या सपातेत हे खपून जाते. आधाराच्या चपलेत मात्र नंबर वाढला की उंचवटा टाचेपासून पुढे सरकतो आणि कमानीऐवजी चवड्याच्या मागच्या कडेला रुततो.

माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. भिंतीला टाच टेकवून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन आईंना कागदावर उभे करा आणि पेन्सिल सरळ उभी धरून पायाची कड रेखा, कारण ती आत कलली की माप कमी भरते. लांबी सर्वांत लांब बोटापर्यंत घ्यावी (ते अंगठाच असेल असे नाही), आणि रुंदी अंगठ्याच्या व करंगळीच्या मुळाशी असलेल्या सांध्यांमध्ये. ती चपलेच्या आतल्या बैठकीशी ताडून पाहा. बाहेरचा तळ रुंद दिसतो आणि फसवतो.

दुसरे उत्तर
वरील उत्तराला एक पुस्ती जोडतो. पुरुषांच्या चपलांत तेवढ्याच लांबीची बैठक बहुधा जास्त रुंद असते, तेव्हा रंगाचा आग्रह नसेल तर तिकडेही पाहावे. पट्टा वेल्क्रोचा असल्यास उत्तम. दुकानदार ‘घालून घालून सैल होईल’ असे म्हणतो, ते कोल्हापुरीच्या चामड्याला लागू आहे. फोमची बैठक दबते, रुंदावत नाही.

तिसरे उत्तर
आईंना मधुमेह असल्यास अंगठ्याची चप्पल टाळावी. पायाची संवेदना कमी झाली असेल तर बोटांच्या बेचक्यात झालेली जखम कळतही नाही, म्हणून रोज रात्री पाय पाहण्याची सवय ठेवावी. टाच मागे निसटत असेल तर मागे पट्टा असलेली चप्पल घ्या, नाहीतर ती धरून ठेवण्यासाठी चालताना बोटे आखडली जातात.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. मधुमेह नाही. काल माप घेतले : डावा पाय २३८ मिलिमीटर, उजवा २४३, रुंदी १०३. मोठ्या पायाचे माप धरून पुरुषांच्या विभागातून ६ नंबरची, दोन वेल्क्रो पट्ट्यांची चप्पल आणली. टाचेमागे अर्धा सेंटिमीटर जागा उरते आणि उंचवटा टोचत नाही. डावा पट्टा थोडा अधिक आवळावा लागतो. सकाळची टाचदुखी अजून आहेच, पण ओट्यापाशी उभी असताना आई आता चप्पल काढून ठेवत नाही.