मदत हवी आहे: जेम (GeM) या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर बँक खात्याची पडताळणी अडकली आहे

मंडळी नमस्कार. बेळगावात उद्यमबागेत आमचं छोटं लेथ वर्कशॉप आहे. सरकारी खात्यांना माल द्यायचा म्हणून जेमवर विक्रेता नोंदणी करतोय. पॅन, आधार, उद्यम (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) सगळं झालं, गाडी अडली ती बँक खात्यावर.

धंदा प्रोप्रायटरी, म्हणजे एकट्या माझ्या मालकीचा. त्यामुळे पॅन माझ्या वैयक्तिक नावाचं, करंट अकाउंट मात्र फर्मच्या नावाचं. त्यात पासबुकात माझ्या आडनावाआधी नुसती दोन आद्याक्षरं, कन्नड वळणाची. पॅनवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव. शिवाय आमची बँक दुसरीत विलीन झाली, आयएफएससी बदलला, तरी जुन्या चेकबुकवर जुनाच कोड छापलेला आहे. नवा कोड टाकला तरी 'नाव जुळत नाही' हेच येतं. शाखेत विचारलं तर "पोर्टलवाल्यांना विचारा"! ठीक आहे, विचारतो, पण नाव तर तुमच्या नोंदीतलं आहे ना?

खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या कुणाचं असं झालंय का? खात्यावर फर्मबरोबर मालकाचं नाव चढवून घेतलं, की सरळ वैयक्तिक खातं जोडलं? वैयक्तिक खात्यावर बिलाचे पैसे घेतले तर जीएसटीच्या हिशेबात पुढे त्रास होतो का? आणि बँकेकडे नेमका कसला अर्ज द्यायचा, केवायसी दुरुस्तीचा की खात्याचं नाव बदलण्याचा?