जुन्या चित्रपटगृहातील खुर्च्या: आधी गाद्या बदलाव्यात की सांगाडे दुरुस्त करावेत?

प्रश्न | एकपडदा, सातारा जिल्हा

आमचे चित्रपटगृह तालुक्याच्या गावात असून वडिलांनंतर ते मी चालवतो. खाली आणि बाल्कनीत मिळून ४१२ खुर्च्या आहेत. सगळ्या उचलत्या बैठकीच्या असून त्यांचे स्टँड बिडाचे आहेत. त्यांपैकी साठेक खुर्च्या डुगडुगतात, तीसेक खुर्च्यांची बैठक माणूस उठल्यावर आपोआप वर जात नाही आणि पुढच्या रांगांचे रेक्झिन तडकून फोम बाहेर आला आहे. शहरातील एका कंत्राटदाराने सर्व गाद्या नव्या करण्याचा सल्ला दिला आहे, पण माझ्याकडे जेमतेम निम्म्या कामापुरते पैसे आहेत. दोन वर्षांपूर्वी सैल स्टँडना जाड बोल्ट ठोकून घेतले होते, ते एका पावसाळ्यातच पुन्हा सैल झाले. वाटेतील पायऱ्यांचे दिवेही अधूनमधून बंद पडतात. कामाला सुरुवात नेमकी कुठून करावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर | फॅब्रिकेटर, सांगली

गाद्यांना आत्ता हात लावू नका. डुगडुगणाऱ्या सांगाड्यावर नवी गादी बसवली, तर प्रत्येक हेलकाव्याला तिची शिवण ताणली जाते आणि वर्षभरात ती उसवते.

एकाने रांगेतील खुर्ची मागे-पुढे हलवावी आणि दुसऱ्याने बॅटरी घेऊन स्टँडच्या पायाशी पाहावे. पाय जमिनीवर हलत असेल, तर दोष बोल्टात किंवा जमिनीत आहे. पाय घट्ट राहून बैठक हलत असेल, तर दोष वरच्या खिळीत किंवा बुशात (खिळीभोवतीच्या नळीसारख्या अस्तरात) आहे. शेजारच्या दोन खुर्च्यांमध्ये स्टँड एकच असल्यामुळे एक सैल स्टँड दोन खुर्च्या हलवतो. त्यामुळे तुमच्या साठ खुर्च्यांमागे सैल स्टँड बहुधा पस्तीस-चाळीसच निघतील. मोजणी खुर्च्यांची न करता स्टँडची करा, म्हणजे खर्चाचा खरा अंदाज येईल.

जाड बोल्ट का टिकले नाहीत, याचे कारण मला जमिनीत दिसते. जुन्या चित्रपटगृहांत वर कोबा किंवा शहाबादी फरशी, तिच्याखाली भराव आणि त्याखाली काँक्रीट, अशी रचना पुष्कळदा आढळते. बोल्टाने फक्त वरचा थर पकडलेला असेल, तर तो थर आतून भुगा होत जातो. त्यात रोज पुसण्याचे पाणी भोकात उतरते, बोल्ट गंजतो, गंज फुगतो आणि भोक आणखी मोठे होते. अशा भोकात ठोकून फुगणारा अँकर बसवण्यात अर्थ नसतो, कारण फुगून दाब द्यायला त्याला घट्ट कडा लागते. खालच्या काँक्रीटपर्यंत ड्रिल करून रासायनिक अँकर, म्हणजे चिकटून घट्ट होणाऱ्या रसायनात बसवलेला दांडा, भरा. १० मिमीच्या दांड्याला साधारणपणे १२ मिमीचे भोक लागते आणि काँक्रीटमध्ये ९० मिमीच्या आसपास खोली मिळायला हवी. भोकातील भुकटी ब्रश आणि हवेच्या पंपाने दोन-तीनदा काढल्याशिवाय रसायन भरू देऊ नका. घाईच्या कामात हीच पायरी गाळली जाते आणि मग अँकर भुकटीला चिकटून उपसून येतो. रसायन वाळण्याचा जो वेळ नळीवर छापलेला असतो, तेवढा वेळ त्या रांगेत कोणालाही बसू देऊ नका.

उतारावर स्टँडच्या पायाखाली फट राहते, ती लोखंडी पत्र्याच्या चकत्यांनी भरा. लाकडी पाचर पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि बोल्ट पुन्हा सैल होतो. बिडाच्या स्टँडला तडा असेल, तर साध्या रॉडने वेल्डिंग करून घेऊ नका. बीड सांध्याच्या बाजूला पुन्हा फुटते. त्याला निकेलचा रॉड आणि सावकाश थंड करणारा हात लागतो. तसा कारागीर नसेल, तर बाजूने लोखंडी पट्टी बोल्टने आवळणे अधिक भरवशाचे ठरते.

उत्तर | गादीकाम, पुणे

वरील क्रम मला मान्य आहे. माझ्या कामापुरते सांगतो.

वर न जाणाऱ्या बैठकीची स्प्रिंग बदलण्याआधी बुश काढून पाहा. तो एका बाजूने झिजला असला, की बैठक तिरपी होऊन स्टँडला घासते आणि चांगली स्प्रिंगही कमी पडते. नायलॉनच्या बुशाला ग्रीस लावू नये; त्यात धूळ आणि पॉपकॉर्नचे मीठ बसते आणि प्रेक्षकांचे कपडेही खराब होतात.

फोमची घनता ४० (म्हणजे घनमीटरला ४० किलो) सांगितली जाते आणि माल हलका येतो, हे मी वारंवार पाहिले आहे. पडताळणी सोपी आहे. ५० सेंमी लांब, ५० सेंमी रुंद आणि १० सेंमी जाड तुकडा ४० घनतेचा असेल, तर त्याचे वजन १ किलो भरायला हवे. तो ८०० ग्रॅम भरला, तर घनता ३२ आहे. ऑर्डर देण्याआधी तुमच्यासमोर वजन करून घ्या.

रेक्झिन डोके टेकण्याच्या जागी आणि बैठकीच्या पुढच्या कडेला आधी जाते. डोक्याच्या तेलाने ते कडक होते आणि थिनर किंवा पेट्रोलने पुसले, की त्याचा मऊपणा अधिकच लवकर जातो. पातळ साबणपाणी आणि नंतर कोरडे फडके एवढेच पुरेसे आहे. पाठीच्या खोळीचा वरचा भाग वेगळा शिवून घेतलात, तर पुढच्या वेळी तेवढाच बदलता येईल.

एका गोष्टीत मात्र काटकसर करू नका. साधा फोम पेटला, की त्यातून निघणारा विषारी धूर आगीपेक्षा आधी माणसाला गाठतो. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ माणसे गेली, ती प्रामुख्याने धुराने गुदमरून. तिथे बाल्कनीत जादा खुर्च्या बसवताना उजवीकडची वाट बंद केली गेली होती. म्हणून आगरोधक फोम आणि कापड चाचणीच्या अहवालासह घ्या आणि दुरुस्तीनंतर रांगा परत बसवताना वाट एक इंचही अरुंद होऊ देऊ नका.

उत्तर | निवृत्त व्यवस्थापक, नाशिक

पायऱ्यांच्या दिव्यांचे कारण बहुधा जमिनीलगतचे जोड आहेत. पुसण्याचे पाणी तिथेच साचते आणि सांडलेल्या खाण्यामागे आलेले उंदीर तिथेच वायर कुरतडतात. वायर पाइपमधून न्यावी, जोड जमिनीपासून वर बंद डब्यात घ्यावेत आणि दिवे २४ व्होल्टचे ठेवावेत. आपल्याकडे २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैत द्यावे लागते. त्यामुळे काम त्याआधी संपेल असे आखावे. दुरुस्ती न झालेल्या खुर्च्यांची तिकिटे विकू नयेत. त्या आसनांचे क्रमांक तिकीटखिडकीवर रोज लिहून द्यावेत.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्रीचा खेळ संपल्यावर डोअरकीपरला सोबत घेऊन सगळ्या रांगा तपासल्या. सैल स्टँड ३७ निघाले आणि त्यांपैकी २९ एकट्या खालच्या मजल्यावर, पुढच्या सहा रांगांत आहेत. एक बोल्ट उपसून पाहिला, तेव्हा तो कोब्यातच संपलेला होता आणि खाली भराव होता. बैठका वर न जाणाऱ्या खुर्च्यांपैकी अकरांचे बुश झिजलेले आहेत, बाकीच्यांच्या स्प्रिंगा उघडून पाहायच्या आहेत. या महिन्यात पुढच्या सहा रांगा बंद ठेवून अँकर आणि दिव्यांच्या जोडांचे काम करून घेतो. गाद्या तूर्त त्याच सहा रांगांच्या बदलेन. फोमचा नमुना उद्या मागवला आहे आणि वजनकाटा किराणा दुकानातून आणून ठेवला आहे.